रोव्हर्स कपाच्या इतिहासाकडे : एक प्रस्तावना

बंद पडलेल्या स्पर्धेचा इतिहास कोणी कशाला वाचावा, असे वाचकाने विचारले तर त्यात वावगे काही नाही. चालू स्पर्धेत आजचा सामना असतो, उद्याची उत्सुकता असते, आपला म्हणावा असा एक संघ असतो. बंद पडलेल्या स्पर्धेच्या वाट्याला विजेत्यांची यादी तेवढी उरते, आणि नुसती यादी वाचून कोणाचे रक्त उसळत नाही. मुंबईच्या कूपरेज मैदानावर नावारूपाला आलेला रोव्हर्स कप १८९१ साली सुरू झाला आणि २०००-०१ च्या हंगामानंतर थांबला. ड्युरँड कप त्याच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. बाकी देशातल्या बहुतेक स्पर्धा त्याच्या मागून आलेल्या. तरीही आजच्या फुटबॉलवेड्या मुलाला मँचेस्टरच्या दोन्ही क्लबांची कुंडली पाठ असते आणि रोव्हर्स कपाचे नाव त्याच्या कानावरूनही गेलेले नसते. ही प्रस्तावना मुख्यतः अशा वाचकासाठी आहे. म्हणून सुरुवातही त्याच्या ओळखीच्या मँचेस्टरपासूनच करू.

१८८८ साली अ‍ॅस्टन व्हिला क्लबच्या विल्यम मॅकग्रेगर यांनी पुढाकार घेतला आणि इंग्लंडमध्ये बारा क्लबांची फुटबॉल लीग उभी राहिली. बारा आत गेले म्हणजे बाकीचे बाहेर राहिले. त्या बाहेरच्यांपैकी वीस क्लबांनी त्याच वर्षी ‘कॉम्बिनेशन’ नावाची आपली साखळी काढली. प्रत्येक क्लबाने आपल्या पसंतीच्या आठ क्लबांशी घरी आणि बाहेर खेळावे, अशी सैल व्यवस्था होती. वेळापत्रक लावणारे मध्यवर्ती मंडळ नव्हते, त्यामुळे ठरलेले सामने होईनात. एप्रिल १८८९ मध्ये, पहिला हंगाम पुरा होण्याआधीच, ही साखळी गुंडाळली गेली. पाठोपाठ ‘फुटबॉल अलायन्स’ निघाली. ती तीन हंगाम नीट चालली आणि १८९२ मध्ये मूळ लीगमध्ये विलीन झाली. या दोन्ही साखळ्यांत न्यूटन हीथ नावाचा रेल्वे कामगारांचा एक क्लब होता. १९०२ मध्ये त्याने नाव बदलले आणि तो मँचेस्टर युनायटेड झाला.

इंग्लंडच्या या उदाहरणात साखळ्या मेल्या आणि क्लब जगले. न्यूटन हीथ, स्मॉल हीथ, नॉटिंगहॅम फॉरेस्ट, शेफील्ड वेन्सडे : ज्या घरात ते वाढले ते घर पडले, माणसे मात्र दुसऱ्या घरात सुखरूप राहायला गेली. म्हणून तिथल्या इतिहासकाराचे काम सोपे. आजच्या क्लबाचा हात धरायचा आणि मागे मागे चालत जायचे. आपल्याकडे नेमके उलट घडले. रोव्हर्स कप शतकभर टिकला आणि त्यात खेळणारे संघ एकामागून एक नाहीसे होत गेले. त्यामुळे या इतिहासात शिरायचा रस्ताही वेगळा आहे, आणि माझ्या मते अधिक रंजक आहे. प्रत्येक विजेत्या संघापुढे थांबून एकच प्रश्न विचारायचा : या अकरा जणांना पगार कोण देत होते?

यादीतली पहिलीच नोंद घ्या. १८९१, वूस्टरशायर रेजिमेंटची पहिली बटालियन. नवा वाचक ही ओळ वाचून पुढे सरकेल, पण तिथे जरा रेंगाळण्यासारखे आहे. १८८१ मध्ये ब्रिटिश पायदळाची फेररचना झाली आणि पलटणींना जुन्या क्रमांकांऐवजी इंग्लंडातल्या परगण्यांची नावे मिळाली. साधारणपणे एका रेजिमेंटच्या दोन बटालियन असत; एक मायदेशी, दुसरी साम्राज्यात कुठेतरी. म्हणजे ‘पहिली बटालियन’ हे शब्द शोभेसाठी छापलेले नाहीत. त्याच रेजिमेंटची दुसरी बटालियन हा पूर्णपणे वेगळा संघ, वेगळी माणसे. शिवाय बटालियन एका छावणीत फार काळ टिकत नसे. काही वर्षांनी तिची बदली होई, कधी वायव्य सरहद्दीकडे, कधी एडनला, कधी थेट मायदेशी. कप जिंकणारा संघ दोन वर्षांत बोटीत बसून निघून जाई. सुरुवातीच्या काळात विजेत्यांची नावे भराभर बदलताना दिसतात त्याचे एक कारण खेळाच्या बाहेर, लष्करी बदल्यांच्या हुकमांत आहे. यादी वाचताना वाचकांनी हे विसरू नये, नाहीतर चांगल्या संघाची घसरण झाली असा भलताच निष्कर्ष निघेल.

ही स्पर्धा सुरू केली ती मुंबईतल्या इंग्रज फुटबॉलप्रेमींनी, रोव्हर्स नावाच्या क्लबाच्या पुढाकाराने. पुढे १९११ मध्ये वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली आणि तिने हा कारभार सांभाळला. शहरात हारवुड लीग ही साखळी होती आणि रोव्हर्स कप ही बाद फेरीची, बाहेरगावच्या संघांना बोलावणारी स्पर्धा. दोन्हींचा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे. नव्या वाचकाने आधी रोव्हर्स घ्यावा आणि हारवुडकडे नंतर वळावे. बाद फेरीचा धागा डोक्यात राहतो, साखळीच्या तक्त्यांत मात्र माणूस हरवून जातो.

इथे नगरच्या वाचकाला जवळ ओढायला हवे. हा मुंबईचा विषय आहे, आपला काय संबंध, असे त्याला वाटत असेल. नगरचा भुईकोट किल्ला इंग्रजांनी १८०३ मध्ये घेतला. पेशवाई बुडाल्यावर भिंगारच्या बाजूला छावणी वाढली, आणि नगरकर आजही त्या भागाला कॅम्प म्हणतात. १८७८ मध्ये दौंड–मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि ही छावणी एका टोकाला पुणे-मुंबईच्या, दुसऱ्या टोकाला भुसावळकडच्या मार्गाला जोडली गेली. पुणे, खडकी, देवळाली, नगर, महू, कामठी : मुंबईत फुटबॉल खेळायला येणाऱ्या गोऱ्या पलटणींचे जग ते हेच. त्यातली एकही जागा मराठी वाचकाला अनोळखी नाही. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नगरवरचा खंड १८८४ चा, म्हणजे कप सुरू होण्याच्या सात वर्षे आधीचा. छावणी कशी वसली होती, याचे चित्र त्यात मिळते. रोव्हर्स कपावरचे वाचन तिथून सुरू करावे, असे मी कोणालाही सुचवीन. खेळाच्या पुस्तकापेक्षा गॅझेटियर आधी वाचा, हा सल्ला विचित्र वाटेल. पण ज्या स्पर्धेचे पहिल्या तीस-चाळीस वर्षांतले विजेते छावण्यांतून आले, तिची सुरुवात छावणीतच शोधावी लागते. आणि छावणीचा ताबा बदलला तरी नगरचा लष्कराशी संबंध तुटला नाही; १९४८ मध्ये रणगाडा दलाचे केंद्र आणि शाळा नगरला आली ती याच परंपरेत.

आता स्पर्धेचे दार भारतीयांना कसे उघडले, याकडे वळू. बहुतेक वाचकांना २९ जुलै १९११ ही तारीख ठाऊक असते. कलकत्त्याच्या मोहन बागानने आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २–१ असे हरवले तो दिवस. अकरांपैकी दहा जण अनवाणी खेळले होते. या घटनेवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ती त्या लायकीची आहेच. मुंबईची गोष्ट मात्र संथ आहे, आणि मला ती जास्त बोलकी वाटते. रोव्हर्स कपात मोहन बागानला आमंत्रण मिळाले ते १९२३ मध्ये, शील्ड जिंकल्यानंतर बारा वर्षांनी. संघ अंतिम फेरीपर्यंत गेला आणि डरहॅम लाइट इन्फंट्रीकडून १–४ असा हरला. कोणी तिकीट काढून आत शिरला नव्हता, यजमानांनी बोलावले होते. कोणाला बोलवायचे हे ठरवणारे हात इंग्रजांचेच होते. या पराभवावर पोवाडे रचले गेले नाहीत. पण अंतिम फेरीत पोचलेल्या संघाला पुढच्या वेळी वगळणे अवघड होते, एवढे काम त्या पराभवाने केले.

त्यानंतर चौदा वर्षे गेली. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या संघाने कप जिंकला आणि रोव्हर्सवर पहिल्यांदा भारतीय संघाचे नाव कोरले गेले. देशभक्तीच्या साच्यात ही गोष्ट बसवायला जाल तर अडचण येईल, कारण अंतिम सामन्यात समोर गोरी पलटण नव्हतीच. समोर होता कलकत्त्याचा मोहमेडन स्पोर्टिंग, कलकत्ता लीगचा सलग विजेता. बंगलोर १–० ने जिंकले. पुढल्याही वर्षी त्यांनीच कप नेला. १९४० मध्ये हेच दोन संघ पुन्हा अंतिम फेरीत आले आणि या खेपेस मोहमेडनने १–० अशी परतफेड केली. बंगलोर हीसुद्धा मोठी छावणी, हे लक्षात घेतले की तिथे इतका चांगला फुटबॉल कुठून आला याचा उलगडा होतो. पलटणींचा खेळ पाहत, त्यांच्याशी खेळत तिथली मुले तयार झाली.

या संघांची नावे वाचून वाचकाला मुंबईचे चौरंगी आणि पंचरंगी क्रिकेट सामने आठवतील. ते आठवायलाच हवेत. तीही त्याच शहरातली, १९४६ साली बंद पडलेली स्पर्धा. पण तुलना बेताने करावी. पंचरंगीत धर्म हीच प्रवेशाची अट होती. रोव्हर्समध्ये तसे नव्हते. इथे धर्माचे नाव लावणारा क्लब पलटणीशीही खेळे आणि त्याच नावाच्या दुसऱ्या क्लबाशीही. पंचरंगीवर गांधीजींपासून सगळ्यांनी मत दिले, वाद झाले, पुस्तके आली. रोव्हर्स कप वादाविना चालला आणि वादाविनाच थांबला. विस्मरणाचे ते एक कारण असावे असा माझा समज आहे. भांडण झाले की नोंदी उरतात.

स्वातंत्र्यानंतर गोऱ्या पलटणी गेल्या, तेव्हा स्पर्धा ओस पडायला हवी होती. तसे झाले नाही, उलट तिचा सर्वांत तेजस्वी काळ तेव्हाच सुरू झाला. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलीस संघाने कप जिंकला. हा संघ घडवला सय्यद अब्दुल रहीम यांनी. पेशाने ते शिक्षक. पुढे १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला आणि १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळाले, ते याच रहीमसाहेबांच्या मार्गदर्शनाखाली. नगरकरांनी या पाच वर्षांकडे आणखी एका नजरेने पाहावे. तेव्हा हैदराबाद राज्य अस्तित्वात होते आणि बीड, औरंगाबाद हे जिल्हे त्यात होते. नगर जिल्ह्याची पूर्वेकडची शीव ओलांडली, गोदावरीपलीकडे पाऊल टाकले, की देशातल्या सर्वोत्तम फुटबॉल संघाचे राज्य सुरू होत असे. १ नोव्हेंबर १९५६ ला ते राज्य विसर्जित झाले. पोलीस संघ आंध्रकडे गेला, मराठवाडा आपल्याकडे आला. फुटबॉलची ती परंपरा मात्र शिवेपलीकडेच राहिली.

इथून पुढे यादीत पगार देणारे बदलत जातात, आणि हा भाग मला सर्वांत प्रिय आहे. १९५८ चा विजेता काल्टेक्स. ही तेलकंपनी. मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करून, ऑलिंपिकमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा पहिला आशियाई ठरलेला नेव्हिल डिसोझा या संघाकडून खेळला. मूळचा गोव्याचा, मुंबईत वाढलेला. त्या काळी फुटबॉलपटूला खेळाचे पैसे मिळत नसत. त्याला नोकरी मिळे. हजेरीपटावर नाव, महिन्याला पगार, दुपारी सरावाला सुट्टी, आणि खेळणे थांबल्यावर निवृत्तीपर्यंत खुर्ची. आजही खेडोपाडीची मुले ज्याला क्रीडा कोटा म्हणतात त्याची ही मुंबईकर बैठक. टाटा, पश्चिम आणि मध्य रेल्वे, एअर इंडिया, बँका, मफतलाल आणि ऑर्केसारख्या कापड कंपन्या, महिंद्र : शहराच्या उद्योगांची नामावळीच मैदानावर उतरत असे. त्या गिरण्यांत साच्यांवर उभे राहणारे कामगार कोकणातून, साताऱ्यातून आणि आपल्या नगर जिल्ह्यातूनही गेलेले होते.

पण नोकरीवर उभा राहिलेला संघ नोकरीबरोबरच जातो. १९७० च्या दशकात तेलकंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७८ मध्ये काल्टेक्स हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विलीन झाली. रोव्हर्स कपावर जिचे नाव आहे ती कंपनीच देशात उरली नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, आणि गिरण्यांचे पुढे काय झाले ते मराठी वाचकाला सांगायला नको. महिंद्रचा संघ सर्वांत चिवट निघाला, पण २०१० मध्ये तोही बंद झाला. त्याआधी १९९६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली होती. मोठ्या क्लबांचा हंगाम आता साखळीच्या वेळापत्रकावर चालू लागला आणि मुंबईला येऊन आठ-पंधरा दिवस बाद फेरी खेळणे त्यांना परवडेनासे झाले. रोव्हर्स कपाला कोणी मारले असे शोधत बसू नये. त्याला पोसणारी नोकरीची व्यवस्था आधीच गेली होती, त्यात नव्या साखळीने जागा अडवली. शेवटचा कप जिंकला मोहन बागानने. तो त्यांचा चौदावा, सर्वांत जास्त. मोहन बागानची स्थापना १८८९ ची, म्हणजे स्पर्धेच्या दोन वर्षे आधीची. पलटण, पोलीस, तेलकंपनी आणि गिरणी यांपैकी कोणाच्याही पगारावर उभा न राहिलेला, सभासदांच्या वर्गणीवर निघालेला क्लब शेवटी शिल्लक राहिला.

याच कारणाने या विषयाच्या अभ्यासकाने एकदा कोल्हापूरला जाऊन यावे. तिथले संघ कोणा मालकाचे नाहीत, पेठांचे आणि तालमींचे आहेत. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ. त्यांच्या सामन्याला शाहू स्टेडियमवर जी गर्दी उसळते ती पाहिली की महाराष्ट्रात फुटबॉल रुजला नाही, हे वाक्य पुन्हा तोंडात येत नाही. १७ वर्षांखालील विश्वचषकात २०१७ मध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच गावचा. रोव्हर्स का थांबला याचे अर्धे उत्तर कोल्हापूरचा फुटबॉल का थांबला नाही, यात आहे.

अभ्यासाला बसणाऱ्याला दोन-तीन गोष्टी सांगून ठेवतो. केवळ अंतिम सामन्यांवर विसंबू नका. पहिल्या फेरीत हरून रात्रीच्या गाडीने परत गेलेल्या संघांत खरी माहिती असते. कोणत्या गावात फुटबॉल होता, कोणत्या कंपनीला संघ पाठवावासा वाटला, हे तिथेच कळते. ‘पहिला भारतीय’, ‘पहिला आशियाई’ अशी विशेषणे दिसली की आधी विचारा, कशात पहिला? लष्करातल्या भारतीय तुकडीचा संघ, नागरी क्लब आणि मुंबईचा स्थानिक संघ या तीन निराळ्या रांगा आहेत. आणि जमल्यास कूपरेज स्वतः पाहा. चर्चगेटला उतरून महर्षी कर्वे रस्त्याने ओव्हल मागे टाकत चालत गेलात की पंधरा मिनिटांत पोचाल. मैदान अपेक्षेपेक्षा लहान वाटते आणि रस्ता अगदी अंगाशी आहे. प्रेक्षक आणि खेळाडू यांच्यात किती कमी अंतर असेल, ते तिथे उभे राहिल्याशिवाय समजत नाही. या प्रेक्षकांत सिनेमावालेही असत. पडद्यावर दुष्टपणा करणाऱ्या प्राण यांना फुटबॉलचे एवढे वेड, की मुंबईत डायनॅमोज नावाच्या संघाला त्यांनी आधार दिला होता. हे विषयांतर आहे खरे, पण त्याची गोडी सोडवत नाही.

मराठीत क्रिकेटच्या इतिहासाला वाचक आहे, कुस्तीच्या इतिहासाला आहे. फुटबॉलच्या इतिहासालाही तो मिळेल, कारण ही गोष्ट पलटणी, गिरण्या, रेल्वे आणि छावण्यांची आहे आणि त्यांपैकी एखादीशी तरी बहुतेक मराठी घरांचा संबंध आलेला आहे. नगर, भिंगार, देवळाली, खडकी, दौंड इथल्या वाचकांना म्हणूनच एक विनंती. घरात आजोबांच्या संघाचा फोटो असेल, जुनी सामनापत्रिका असेल, कंपनीच्या क्रीडा विभागाचे नेमणूकपत्र असेल, तर ते रद्दीत घालू नका. फोटोच्या मागे पेन्सिलीने उभे-बसलेल्यांची नावे, साल आणि मैदान लिहा आणि त्याची एक प्रत नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात किंवा तुमच्या जवळच्या ग्रंथालयात द्या. नावे सांगू शकणारी माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत.